भाईला ठेवून घेणारा मालक

भाई परत आला तेव्हा त्याच्या अंगावर कारखान्याचाच शर्ट होता. निळा, मळलेला, पाठीवर मालकाच्या कारखान्याचं नाव, वर अरबी लिपीत आणि खाली इंग्रजीत. मुंबईच्या विमानतळावरून तो एसटीनं थेट औरंगाबादला आला होता. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. भाभीनं दार उघडलं, त्याच्याकडं बघितलं आणि आत जाऊन गॅसवर अंघोळीचं पाणी ठेवलं. अम्मी त्याच्या तोंडावरून हात फिरवत रडत बसली. मी शाळेत निघाले होते. पदराला पिन लावत बाहेर आले आणि तोंडातून पहिलं निघालं ते हेच, "सामान कुठंय?"

"तिकडंच राहिलं," भाई म्हणाला. "खोलीवर जाऊ नाय दिलं."

आम्ही मूळचे सिल्लोडचे. घरात दखनी बोलतो, पण भाई आणि मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळं आमचं दोघांचं बोलणं लहानपणापासून मराठीतच. मी डीएड करून शिक्षिका झाले. भाईनं आयटीआयमधून वेल्डिंग केलं आणि वाळूजला एका छोट्या कारखान्यात लागला. अब्बा गेल्यावर आम्ही सगळे शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, पुढंही झालं नाही, म्हणून भाईच्या संसारातलं सगळं मी जवळून पाहिलं.

वाळूजच्या कारखान्यात भाईचं नाव हजेरीवर कधी राहिलंच नाही. कागदावर तो ठेकेदाराचा माणूस. कायम करावं लागू नये म्हणून दर सहा-सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' द्यायचे. मग थोडे दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नवीन माणूस म्हणून त्याच मशिनवर उभं राहायचं. एकदा त्याचा हात भाजला तर कारखान्याचा मॅनेजर म्हणाला की हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, काम कारखान्यात करत होता, तिथं विचारा. भाई हाताला बरनॉल लावून घरी बसला. या सगळ्याला कंटाळून त्यानं आखातात जायचं ठरवलं.

एजंटचं ऑफिस आमच्या घरापासून जवळच, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. हातात तस्बीहची माळ घेऊन बसलेला शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. भाईबरोबर मीही गेले होते. व्हिसाच्या कागदावर 'व्हिजिट' असं लिहिलेलं मी वाचलं आणि विचारलं, "चाचा, हा तर फिरायला जाणाऱ्याचा व्हिसा आहे. हा काम करायला चाललाय."

"फिरने के वीजे पे-च सब जाते," तो म्हणाला. "वहाँ मालिक काम का वीजा बना के देता. लिखा-पढी बाद में होती."

"आणि त्यानं नाही बनवला तर?"

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. "बेटी, ये इस्कूल नै है."

भाईनं मला कोपर मारलं. जिना उतरताना म्हणाला, "तू लई प्रश्न विचारतीस. त्याचं मन फिरलं म्हंजी?" काम देणाऱ्याचं मन फिरू नये ही काळजी भाईला आयुष्यभर राहिली.

तो गेला. दर शुक्रवारी चौकातल्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा. बूथवाला पोराला पाठवून आम्हाला बोलावायचा आणि आम्ही तिघी पळत जायचो. सुरुवातीला भाई फार खूश होता. कारखाना लोखंडी दारं, जाळ्या, पाण्याच्या टाक्या बनवायचा. मालक तिथलाच, पण वर्षानुवर्षं आपल्याकडच्या माणसांबरोबर काम करून चांगली हिंदी बोलायचा. कामगारांच्या ताटात जेवायला बसायचा. भाईच्या कामाचं सगळ्यांसमोर कौतुक करायचा. वाळूजला कुणी त्याला कधी चांगला म्हटलं नव्हतं.

मी दर वेळी शेवटी विचारायचे, "व्हिसाचं काय झालं?"

"होतंय. मालक बघतोय."

व्हिजिटचे महिने संपले. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. "होतंय" ऐकता ऐकता एक ईद गेली, दुसरी गेली. मग फोनवर मी तो प्रश्न विचारला की भाई चिडायला लागला, आणि भाभी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घ्यायला लागली. तिला मुलांबद्दल बोलायचं असायचं. माझ्या व्हिसाच्या चौकशीत तिचा शुक्रवार वाया जायचा.

आणि एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्या शुक्रवारीही आला नाही. मग त्याच्या खोलीवर राहणाऱ्या एका माणसानं कळवलं की भाईला पकडून नेलंय.

मी एजंटकडं गेले. तो म्हणाला, आमचं काम माणूस पोहोचवायचं, पुढचं मालक जाणे. मालकाच्या कारखान्याचा नंबर मागितला तर म्हणाला, नंबर बदललाय. कलेक्टर ऑफिसात गेले, तिथं एकानं दुसऱ्याच्या टेबलाकडं बोट दाखवलं आणि दुसरा जेवायला गेलेला होता. शेवटी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या भावानं त्या देशाचा कायदा मोडलाय. मुदत संपल्यावर राहिला ना तो तिथं?"

"राहिला. पण त्याला ठेवून कुणी घेतलं? पासपोर्ट कुणाच्या कपाटात होता?"

"तो तिथला माणूस आहे. त्याचं ते बघतील."

"आणि इथला एजंट? तो तर आपल्या हद्दीत बसतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पकडायचं झालं तर माणूस पकडता येतो. कारखाना काही गाडीत बसत नाही."

ते चेष्टा करत नव्हते. मला समजावून सांगत होते. बाहेर आल्यावर मला इतका राग आला होता की रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तर मी त्याच्यावरच ओरडले.

भाई परत आल्यावर पकडल्याची हकीकत त्यानं एकदम सांगितली नाही, तुकड्या तुकड्यानं सांगितली. तपासणी व्हायची तेव्हा मालकाला बहुतेक आधी कळायचं. मग व्हिसा नसलेल्यांना तो मागच्या गोदामात बसवायचा आणि तपासणीवाले गेले की स्वतः चहा घेऊन यायचा. त्या दिवशी आधी काही कळलं नाही. अधिकारी सरळ आत आले. भाई एका दाराला वेल्डिंग मारत होता. त्यानं तोंडावरची काच वर केली तर समोर गणवेशातली माणसं आणि त्यांच्या शेजारी मालक.

"अधिकाऱ्यानं मालकाला विचारलं, हा तुझा माणूस का?" भाई म्हणाला.

"मग?"

"मालक म्हणाला, नाय. काम मागायला आला आसंल."

"आणि तुझ्या हातात काय होतं?"

"वेल्डिंगचा होल्डर व्हता."

"आणि अंगावर हा शर्ट."

"व्हय."

"अधिकाऱ्याला दिसला नाही शर्ट?"

"दिसला की. त्यानं पाठीवरचं वाचलंबी. मग मला म्हणाला, चल."

तो काही आठवडे तिथल्या कोठडीत होता. तिथून त्याला विमानात बसवून दिलं आणि पुन्हा त्या देशात पाऊल ठेवायचं नाही म्हणून बोटांचे ठसे घेतले. मालकाचे ठसे कुणी घेतल्याचं त्याला माहीत नव्हतं. कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू होता, हे त्याच्या खोलीवाल्यानंच नंतर सांगितलं.

मला वाटलं होतं भाई मालकाला शिव्या घालील. त्यानं एकदाही घातल्या नाहीत. मी बोलायला लागले की म्हणायचा, "त्याचं काय चुकलं? त्यानं काम दिलं." मी म्हणायचे, व्हिसा करायला त्याला खर्च आला असता, विमा काढावा लागला असता, तू सोडून जाऊ शकला असतास, म्हणून त्यानं केला नाही. तुला बेकायदा ठेवण्यात त्याचा फायदा होता. भाई जेवत राहायचा. अम्मी मला दटावायची, "उसे खाने दे पहले." त्या वर्षभरात आमच्या घरातलं प्रत्येक भांडण याच विषयावर येऊन थांबायचं, आणि दर वेळी भाई, भाभी, अम्मी तिघं एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला.

शाळेतही मला शांतता नव्हती. त्याच सुमारास वाळूजला बजाजनगरच्या बाजूला एका मोठ्या इमारतीच्या कामावरून बंगाली बोलणारे काही मजूर पोलिसांनी नेले. बांगलादेशी आहेत असं म्हणत होते. कुणी होते, कुणी नव्हते, आम्हाला काय कळणार. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये तोच विषय. माझ्या शेजारी बसणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. एकेकाला शोधून हाकललं पाहिजे."

मी विचारलं, "त्यांना कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराला नेलं का?"

"त्याला कशाला?"

"त्यानं विचारलं नव्हतं कुठून आलात म्हणून? इतकी माणसं वाळूजपर्यंत आली ती काय वाट चुकून आली?"

त्या बाईंचे यजमानच बांधकामाचे ठेके घ्यायचे, हे मला ठाऊक होतं. त्यांनी डबा बंद केला. "मग काम कुणी करायचं? आपली पोरं विटा उचलायला येतात का? अन् ती माणसं तक्रार करत नाहीत, सुट्टी मागत नाहीत."

"म्हणजे ठेवायलाही हवीत आणि हाकलायलाही हवीत."

"तुम्हाला पुळका येणारच," त्या म्हणाल्या. "तुमचा भाऊ तिकडं घुसखोरच होता ना?"

स्टाफरूममध्ये बाकीचे सगळे वह्या तपासायला लागले. खरं तर शब्द चुकीचा नव्हता. भाई तसाच होता. माझं म्हणणं एवढंच होतं की तो एकट्यानं तसा झाला नव्हता, आणि हे एवढंसं म्हणणं मला कुणाच्या गळी उतरवता येत नव्हतं. ती इमारत पुढं पूर्ण झाली. लोक राहायला आले, गॅलरीत कपडे वाळायला लागले.

काही वर्षांनी, भाईनं स्वतःचं लहानसं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं तेव्हा, एक बातमी आली. तोच मालक माणसं निवडायला आपल्या शहरात येणार होता. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मुलाखती होत्या, एजंट तोच. भाईनं सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला.

"तू कशाला चाललास? तुला तर तिकडं बंदी आहे," मी म्हणाले.

"भेटून येतो."

"मग मीही येते."

त्याला ते नको होतं, पण रविवार होता आणि मी चप्पल घातलेली होती.

हॉटेलच्या जिन्यात पोरांची रांग होती. सिल्लोडची, कन्नडची, शहरातली. त्यात माझा एक जुना विद्यार्थी दिसला. तोही आयटीआय करून वेल्डर झालेला. "बाई, तुम्ही इथं?" म्हणत त्यानं वाकून नमस्कार केला. मी त्याला एवढंच म्हणाले, "व्हिसा कोणता देणार ते विचारून घे. कागदावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय हो म्हणू नको." त्यानं मान डोलावली.

आत खोलीत मालक सोफ्यावर बसला होता. म्हातारा झाला होता, गुडघे दुखत असावेत, उठताना त्यानं हाताचा आधार घेतला. पण उठला. भाईला बघताच उठला, त्याला मिठी मारली आणि एजंटला म्हणाला, "ये मेरा सबसे अच्छा वेल्डर था." भाईचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडं बघवेना. आमच्यापुढं चहा आला, खजूर आले. मालकानं भाईच्या मुलांची चौकशी केली. थोरल्याचं नाव त्याच्या लक्षात होतं.

मी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं. मी हिंदीत विचारलं, "तुमचा सगळ्यात चांगला वेल्डर होता, तर मग त्या दिवशी तो तुमचा नाही असं का सांगितलं?"

एजंटची तस्बीह थांबली. भाई खाली बघायला लागला. मालक मात्र रागावला नाही. तो म्हणाला, "बहन, मी हो म्हटलं असतं तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. तिथं काम करणाऱ्या सगळ्यांची रोटी गेली असती. हा घरी आला, सुखरूप आहे. मी वाईट केलं का?"

"त्याचा व्हिसा केला असता तर खोटं बोलायची वेळच आली नसती."

"सगळे कारखाने असंच करतात. मी एकट्यानं सगळं नियमानं केलं तर माझा माल कोण घेईल?" मग तो भाईकडं वळला. "आणि यालाही माहीत होतं. विचारा त्याला. मी म्हणालो होतो, मुदत संपली, जायचं तर जा. हा म्हणाला, ठेवून घ्या."

मी भाईकडं बघितलं.

"व्हय," भाई म्हणाला. "मीच म्हणलो व्हतो."

हे त्यानं मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं मी त्याच्या वतीनं भांडत होते आणि त्याच्याकडं निम्मी गोष्ट शिल्लक होती. तरी मी मालकाला म्हणाले, कारण आता थांबणं मला शक्य नव्हतं, "ठीक आहे. यानं राहायला मागितलं, तुम्ही ठेवून घेतलं. दोघांनी मिळून केलं. मग कोठडीत एकटाच का गेला?"

मालकाकडं उत्तर नव्हतं असं मला वाटत नाही. ते द्यायची त्याला गरज नव्हती. त्यानं खजुरांची बशी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाला, "चाय ठंडी हो रही है."

परतताना रिक्षात भाई म्हणाला, "कशाला बोललीस? त्याला काय वाटलं आसंल."

"तू मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? इथं परत येऊन ब्रेक घेत बसलो असतो का मी? तो ठेवत व्हता, मी राहिलो." मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "पण नाय म्हणला तवा वाईट वाटलं. माझ्याकडं बघून म्हणला असता तर एवढं नसतं वाटलं. तो भिंतीकडं बघत व्हता."

मालकाबद्दलची एवढीच तक्रार मी त्याच्या तोंडून ऐकली.

महिना-दीड महिन्यानं माझ्या त्या विद्यार्थ्याची आई आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. तिच्या पोराचं वेल्डिंग सगळ्यांत चांगलं झालं होतं म्हणे. मग त्यानं व्हिसा कोणता म्हणून विचारलं, कागद वाचायला मागितला. एजंटनं त्याला बाजूला उभं केलं आणि पुढच्याला बोलावलं.

"लई हुशारी शिकवलीत बाई तुम्ही," ती म्हणाली. "बाकीच्या पोरायनी तोंड उघडलं नाय, ते चालले. माझंच बसलं घरी."

"अहो, तो व्हिसा धड नसता तर त्याला तिकडं..."

"माझ्या भावजयीच्या पोराला कामाचा व्हिसा मिळाला. धड. मग?"

मला ते माहीत नव्हतं. पुढं कळलं की त्या खेपेला काहींना खरंच कामाचे व्हिसे मिळाले आणि काहींना पुन्हा व्हिजिटचेच. कुणाला कोणता, हे निघायच्या तोंडावर कागद हातात आल्यावर कळलं. कुठल्या पोराच्या पदरात काय पडणार हे मालकाच्या त्या महिन्यातल्या सोयीवर होतं. पण हे त्या बाईला सांगून काय उपयोग होता? तिला पोरगा घरी बसलेला दिसत होता. ती गेल्यावर त्या दिवशी भाभीनं माझी भाकरी झाकून न ठेवता तशीच ओट्यावर ठेवली.

तो विद्यार्थी नंतर वाळूजलाच लागला, ठेकेदाराकडून, भाई लागला होता तसाच. बजाजनगरच्या बाजारात कधी भेटला तर अजूनही "बाई" म्हणून थांबतो, पिशवी उचलून रिक्षापर्यंत आणून देतो. मी एकदा त्याला विचारलं की माझा राग येतो का. तो म्हणाला, "नाय बाई. पण मी विचारायला नको व्हतं. दुसऱ्या कुणीच विचारलं नाय." मी त्याला म्हणणार होते की सगळ्यांनी विचारलं असतं तर त्या म्हाताऱ्याला कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं. पण रिक्षावाला घाई करत होता, आणि मला आता हे वाक्य पुरं करायचाही कंटाळा येतो.

एजंटचं ऑफिस अजून तिथंच आहे. आता त्याचा मुलगा बसतो, एसी लावलाय. भाईचं दुकान बरं चालतं. ईदच्या दिवशी त्या मालकाचा फोन येतो. भाई हातातली शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवतो, उठून उभा राहतो आणि उभ्यानंच बोलतो, हसून, मान खाली घालून. तेवढा वेळ मी आत जाऊन भांडी विसळते.